खेप कितवी?

शिरूर,
१८ जानेवारी १९९८

विहीणबाई धुरपदाबाई यांना सिंधूचा सप्रेम जयभीम.

रश्मी सुखरूप पोहोचली. न्हावऱ्याच्या अलीकडचा रस्ता असा आहे, की पोटातलं बाळ मधेच बाहेर येऊन बांधकाम खात्याला शिव्या देईल. पण महेंद्ररावांनी तिला पुढच्या सीटवर बसवून अलगद आणलं, त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा. जावयाला शाबासकी देऊ नये म्हणतात, पण मी मास्तरीण आहे, सवय जात नाही.

ओटी भरून तुम्ही लेकीसारखी पाठवणी केलीत. खण, नारळ, पाच फळं, वर बेसनाचे लाडू, चकल्या, भाजणीचं पीठ. आमच्या ह्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, विहीणबाईंनी दौंडचा सगळा बाजार उचलून पाठवलाय. ह्यांची छाती दीड वर्षापूर्वी दुखली तेव्हापासून एसटी डेपोत ह्यांना हलकं काम दिलंय, पण लाडवाला कुणाची ना नाही.

एक गोष्ट मात्र डब्यात नव्हती. काल तिला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “मागचे कागद कुठायत?” रश्मी म्हणाली, तिकडंच राहिले. म्हणजे दौंडला इतके महिने तपासणी झाली आणि चिटोरं बरोबर नाही? डॉक्टर काय लाडवावर रक्तदाब वाचणार? तपासलं होतं ना, विहीणबाई? रागावू नका, आईचा जीव आहे, विचारल्यावाचून राहवत नाही.

डॉक्टरांनी नवा कागद केला. नाव, वय, गाव विचारलं. “माहेरी आलीय म्हणजे पहिलीच खेप,” असं आपणच म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. माणूस चटपटीत वाटला.

कागद लवकर पाठवा. फोन करू नका. बूथवाला पोपट आपलं बोलणं ऐकून सगळ्या आळीला वाटतो.

तुमची,
सिंधू


दौंड,
२५ जानेवारी १९९८

सिंधूबाईंना धुरपदाचा जयभीम.

मी चौथी शिकलेली. तुमच्यासारखं साखरेत घोळून तिखट लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहिते. तपासलं होतं. दर महिन्याला तपासलं. महेंद्र कुरकुंभला कंपनीत पाळीवर असला की मीच तिच्याबरोबर जायची. सून म्हणून आणली ती बोळवायला आणली नाही.

कागद डॉक्टरीणबाईंच्या लोखंडी कपाटात असतात. त्या कुणालाच देत नाहीत. निघायच्या आधी मी मागायला गेले. त्या म्हणाल्या, “बाळंत व्हायला इथंच आणा, मग कागद कशाला लागतात?” मी म्हटलं, पहिलं माहेरी असतं. तर तोंड फिरवून पुढच्या बाईला हाक मारली.

आता एक सांगते ते ऐका. बाळंतपण तिकडं शिरूरला, तुमच्या घोडनदीला करू नका. रश्मीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरीणबाईंनी मला आणि महेंद्रला समोर बसवून तसं सांगितलंय. का ते रश्मीला विचारा. मला लिहिता येत नाही.

पैशाचं काही असेल तर आम्ही आहोत. तिला जिने चढू देऊ नका.

धुरपदा


शिरूर,
३१ जानेवारी १९९८

धुरपदाबाई,

पत्र मिळालं. “पैशाचं काही असेल तर आम्ही आहोत” हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, खर्चही माहेरचा, हे तुम्ही मला शिकवणार? मी पगारदार बाई आहे. ह्यांचा पगार वेगळा. आम्ही कुणाच्या दारात हात पसरलेला नाही, आणि विहिणीच्या दारात तर मरेपर्यंत पसरणार नाही.

आणि पुणं कशाला? शिरूरला काय दवाखाने गुरांचे आहेत? रश्मीला विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, “आत्याबाई उगाच घाबरत्यात, आई.” मग समजायचं ते मी समजले. दौंडला स्टेशन आहे, पुण्याची गाडी आहे, म्हणून आम्ही एसटीवाले तुम्हाला अडाणी वाटतो.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून घेतलं. गट निगेटिव्ह आहे आणि महेंद्ररावांचा पॉझिटिव्ह, तेवढं रश्मीला ठाऊक होतं. मी घाबरले, तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. अशा आईचं पहिलं बाळ सहसा धोक्यात नसतं. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की आईचं रक्त त्याच्याशी वैर धरतं, आणि तो त्रास पुढच्या बाळाला होतो. म्हणून बाळंत झाल्या झाल्या तिला इंजेक्शन देणार, की पुढच्याची काळजी नको. “पहिलीच खेप आहे, निवांत राहा,” असं म्हणाले. झालं तुमचं समाधान?

आता ताकाला जाऊन भांडं लपवू नका. त्या बाईच्या कपाटातले कागद काढा आणि पाठवा. माझ्या शाळेत एखादं पोर दाखल्याशिवाय आलं तर मी त्याच्या बापाला परत पाठवते. तुम्ही तर सून पाठवलीत.

सिंधू


दौंड,
७ फेब्रुवारी १९९८

सिंधूबाई,

तुमचं पत्र आज आलं. “पहिलीच खेप” वाचलं आणि चुलीवरचं तसंच टाकून उठले. शब्द मोडते आहे. रश्मीनं मला माफ करावं.

ही पहिली खेप नाही. दीड वर्षापूर्वी ज्ञानदेवदादांची छाती दुखली, त्याच आठवड्यात रश्मीचं तीन महिन्यांचं खाली गेलं. तिनं माझा हात धरून सांगितलं, “आत्याबाई, आईला कळवू नका. ती दादांना टाकून इकडं धावत यील.” मी हो म्हटलं. मग दादा बरे झाले, दिवस गेले, आणि सांगायचं कसं हेच कळेना. पुन्हा दिवस राहिले तेव्हा वाटलं, झालं गेलं विसरू. जन्माला आलंच नाही ते मोजायचं कशाला? आपल्या बायकांचं गणित असंच असतं.

तेव्हा ज्या दवाखान्यात पिशवी साफ केली तिथं कुणी तिचं रक्त बघितलं नाही. तुमचे डॉक्टर म्हणतात ते इंजेक्शन तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. ते दिलं नाही. आता डॉक्टरीणबाईंनी रक्त पुण्याला पाठवून तपासलं, तर तिच्या रक्तात ते वैर तयार झालेलं निघालं. बाळ जन्मलं की त्याचं रक्त बदलायला लागेल, आणि ती सोय पुण्यातच आहे, असं त्यांनी सांगितलंय. म्हणून मी पुणं पुणं करत होते. तुमचा अपमान करायला नाही.

आज पुन्हा कागद मागितले. “तिथल्या डॉक्टरनं त्याच्या लेटरहेडवर मला लिहावं,” असं म्हणाल्या. मग मी बूथवर जाऊन तुमच्या पोपटला फोन लावला. त्याच्या तोंडातून “दुसरी खेप” हा निरोप कसा धाडू? नुसतं सांगितलं, रश्मीला आजच्या आज पुण्याला न्या.

महेंद्रची पाळी उद्या सुटली की त्याला पाठवते. तोवर तुम्ही निघा. पाया पडते.

धुरपदा


शिरूर,
२४ फेब्रुवारी १९९८

धुरपदाबाई,

पुण्याच्या दवाखान्यात आपण दोघी एका बाकावर बसलो, आणि एकमेकींशी बोललो नाही. तुम्ही पदर तोंडाला लावून बसलात. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर शेजारचे सगळे वॉर्ड जागे झाले असते. म्हणून लिहिते.

तुमचं सात तारखेचं पत्र मी परवा वाचलं. आम्ही पुण्यात होतो तेव्हा शेजारच्या तानुबाईंनी ते दारातून उचलून ठेवलं होतं. वरातीमागून घोडं. पोपटनं निरोप दिला होता. “दौंडवाल्या म्हनत्यात, पुण्याला न्या.” मी हसले. ऐकलंत? मी हसले आणि भाकरी थापायला बसले. त्याच रात्री कळा लागल्या, दिवस भरायच्या आधी.

मुलगी झाली, रडली, पेढे वाटले. संध्याकाळी ती मला पिवळी दिसली. डॉक्टर म्हणाले, “कावीळ बऱ्याच बाळांना होते, सकाळचं कोवळं ऊन दाखवा.” त्यांचा तरी काय दोष म्हणू? त्यांच्या कागदावर पहिली खेप होती. छे, दोष कसा नाही! समोर बसलेल्या बाईला तोंड होतं, तिला एकदा विचारायचं होतं. मी माहेरची आई तिच्या शेजारी उभी होते म्हणून त्यांना विचारायची गरज वाटली नाही. आपल्या रीतीनं त्यांना उत्तर आयतं देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी महेंद्रराव आले आणि दारातच म्हणाले, “पुण्याला का न्हाई नेलं?” तोवर पोरगी दूध ओढेना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एक ओळ, “पुढील उपचारासाठी.” बस. पुण्यातल्या तरण्या डॉक्टरनं चिठ्ठी उलटसुलट केली आणि माझ्यावर ओरडला, “पहिली खेप का?” मी हो म्हणणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून रश्मी म्हणाली, “न्हाई. दुसरी.”

माझ्या लेकीच्या पोटात काय झालं होतं ते मला तिथं, परक्या माणसांसमोर कळलं. ती तुम्हाला बोलली, मला नाही. हे मी तुम्हाला सहजी माफ करणार नाही. रक्त बदललं, पोरगी वाचली. पण एक दिवस आधी बदललं असतं तर? हे मी रोज स्वतःला विचारते, आता तुम्हालाही विचारते.

सिंधू


दौंड,
६ मार्च १९९८

सिंधूबाई,

बोललात ते सगळं घेतलं. कारण लपवलं ते माझं. पण पुण्याला न्या हे मी दोनदा कळवलं आणि तुम्ही मानापमान काढून बसलात, ते तुमचं. दोन्ही आपापल्या पदरात ठेवू.

आता ज्यांच्या पदरात काहीच पडलं नाही त्यांचं ऐका. काल मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. बायकांची रांग होती. मी रांगेत बसले नाही, सरळ आत गेले.

म्हटलं, “बाई, नात वाचली. रगत बदलावं लागलं.”

त्या म्हणाल्या, “मी सांगितलं होतं. इथं आणली असती तर मी वेळेवर पाठवली असती.”

“तुमी मला सांगितलं. घोडनदीच्या डॉक्टरला कुनी सांगितलं? मी मागत व्हते तवा कागद का न्हाई दिला?”

“असं प्रत्येकाला कागद देत बसलो तर उद्या पेशंट दुसरीकडं जातील.”

बघा, स्वतःच्या तोंडानं बोलल्या. मी म्हटलं, “माझी सून काय तुमची म्हैस हाय, दावनीला बांधून ठेवायला? रगत तिचं, पोट तिचं, पैसं आमचं, आन् कागद तुमचा?” बाहेरच्या बायका दाराशी गोळा झाल्या. एकीनं मागून विचारलं, “बाई, माजा कागद बी द्या मग.” कंपाउंडर मला बाहेर काढायला आला, पण त्या बायकांनी त्याला आत शिरू दिलं नाही.

कागद मिळाले. उशिरा मिळाले, पण मिळाले. ते मी महेंद्रबरोबर पाठवते. जपून ठेवा, कुणाला देऊ नका, दाखवून परत घ्या.

पोरीचं नाव यशोधरा ठेवायचं महेंद्रच्या मनात आहे. तुमचं काय?

धुरपदा


शिरूर,
२१ जून १९९८

धुरपदाताई,

यशोधरा छान नाव आहे. पण आता ते नाव घेऊन तिला हाक मारायची कशी, ते मला सांगा.

गेल्या रविवारी माझ्या हातून स्टीलची परात फरशीवर पडली. ह्यांच्या छातीत धस्स झालं, शेजारचा कुत्रा भुंकला, रश्मी न्हाणीतून ओली धावत आली. यशू माझ्या समोर पालथी पडून खुळखुळ्याशी खेळत होती. तिनं मान वर केली नाही. मी परात उचलून मुद्दाम पुन्हा टाकली. मग टाकतच राहिले. शेवटी रश्मीनं माझा हात धरला.

पुण्याला कानाची तपासणी केली. दोन्ही कान गेलेत. कावीळ डोक्यात चढली की असं होतं म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी मला विचारलं, कावीळ किती चढली होती, रक्त कधी बदललं. ते सगळं पुण्याच्या दवाखान्यानं घरी सोडताना दिलेल्या कार्डावर होतं. कार्ड कुठं आहे? मी ते इथल्या डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी “फाइलला लावतो” म्हणून ठेवून घेतलं. तुमचं पत्र असून, दाखवून परत घ्या असं लिहिलेलं असून, मी ते देऊन आले. डॉक्टरसमोर आपली जीभ टाळूला चिकटते, ताई, माझ्यासारखीचीसुद्धा.

काल मागायला गेले. आता ते सापडत नाही. “मॅडम, सांगा ना तोंडी काय होतं ते,” असं हसून म्हणाले.

मी म्हटलं, “तोंडी? माझ्या शाळेतलं पहिलीचं पोर या गावातून त्या गावात जातं ना डॉक्टर, तेव्हा त्याच्याबरोबर दाखला जातो. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक. दाखल्याशिवाय त्याला कुणी बाकावर बसू देत नाही. आणि पोटुशी बाई एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं माहीत आहे का तुम्हाला? लाडवाचा डबा!”

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. मला त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

ताई, तुमच्यावर मी पुष्कळ वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आता इकडे या. रश्मी बोलत नाही, नुसती पोरीकडे बघते. तुमच्याशी ती बोलेल. मला त्याचा राग येत नाही आता. या.

सिंधू


दौंड,
१७ फेब्रुवारी १९९९

सिंधूताईंना धुरपदाचा जयभीम.

यशूच्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेलं झबलं तिला आखूड झालं. नात उंच होणार, तुमच्यावर गेली. कानाचं यंत्र ती दर तासाला उपटून फेकते, आणि रश्मी दर तासाला परत लावते. दोघींत कोण आधी दमतं ते बघायचं. रश्मी आता हातवारे करून तिच्याशी बोलते, आणि तुम्हाला सांगू का, माझ्याशीही पहिल्यापेक्षा जास्त बोलते.

काल आमच्या लेकीची, करुणाची ओटी भरली. तिला सातवा लागला. केडगावहून तिच्या सासूबाई पार्वतीबाई तिला घेऊन आल्या. आळीतल्या बायकांनी घर भरलं होतं. पाट मांडला, रांगोळी काढली, करुणा हिरवी साडी नेसून बसायला निघाली. मी तिला थांबवलं.

मी पार्वतीबाईंना म्हटलं, “बसायच्या आधी सांगा. रगत कोनचं? कागद आनलाय का? आन् खेप कितवी?”

धाकटी जाऊ माझ्या कानाशी लागली, “भरल्या पाटावर असलं इचारत्यात व्हय?” पार्वतीबाई लाल झाल्या. “माहेरी आनलीय म्हंजी पहिलीच की! आमची सून काय तुमाला वंगाळ वाटली?”

मी म्हटलं, “माझ्या पोटची पोरगी हाय ती. तुमाला न्हाई इचारत, तिला इचारते. करुणा, कितवी?”

ती माझ्याकडे बघेना. मला वाटलं, मी उगाच पोरीचा सण नासवला, मी उगाच घाबरते असं रश्मी तुम्हाला म्हणाली होती ते खरंच होतं. तेवढ्यात रश्मी यशूला कडेवर घेऊन पुढं आली. करुणाच्या समोर जाऊन नुसती उभी राहिली. करुणानं यशूकडे बघितलं, तिच्या कानातल्या यंत्राकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“दुसरी,” ती म्हणाली.

माझी लेक, ताई. एवढं सगळं माझ्या घरात घडलेलं बघून माझ्या लेकीनं माझ्यापासून लपवलं. मला संताप आला, तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. ओटी तशीच ठेवून तिला रिक्षात घातलं आणि रक्त द्यायला घेऊन गेले. पार्वतीबाई मागून आल्या. त्यांच्या डॉक्टरचे कागद त्या आजच्या गाडीनं जाऊन आणणार आहेत, आणि नाही दिले तर मी बरोबर जाणार आहे. संध्याकाळी मग ओटी भरली. आता तिच्या ओटीत नारळाशेजारी रक्ताचा कागद ठेवलाय.

करुणानं तो एक शब्द मोठ्यानं सांगितला. घरातल्या सगळ्या बायकांनी ऐकला. एकट्या यशूला ऐकू आला नाही.

तुमची,
धुरपदा